मेंदूच्या ‘सुरकुत्या’ की ‘वळ्या’?

प्रश्न असा आहे : ‘स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांच्या मेंदूला सुरकुत्या कमी पडतात’ असे वाक्य वाचनात आले. येथे ‘सुरकुत्या’ हा शब्द योग्य आहे का, आणि या आजाराच्या नावातला ‘दुभंग’ याच सुरकुत्यांशी संबंधित आहे का?

‘सुरकुती’ मला येथे खटकते. मराठीत सुरकुती पडते ती वयाने, उन्हाने किंवा पाणी आटल्याने. तिच्यात ऱ्हासाची छटा आहे. मेंदूच्या पृष्ठभागाची रचना याच्या अगदी उलट आहे. मोठ्या मेंदूचे बाह्यक, म्हणजे सरासरी अडीच मिलिमीटर जाडीचा बाहेरचा थर, कवटीत मावावे म्हणून दुमडलेले असते आणि त्याचा जवळजवळ दोन तृतीयांश भाग खाचांमध्ये दडलेला असतो. हे दुमडणे मुख्यतः गर्भावस्थेच्या शेवटच्या तीन महिन्यांत वेगाने होते, म्हणून ते वाढीचे लक्षण आहे, झिजेचे नव्हे.

‘चुणी’ कापडाची आणि बहुधा हेतुपुरस्सर पाडलेली, त्यामुळे तीही चालणार नाही. ‘घडी’ हा शब्द दुमडण्याच्या एकूण क्रियेसाठी चांगला आहे. मात्र वर आलेल्या उंचवट्यासाठी मी ‘वळी’ सुचवीन. पोटाला वळ्या पडतात असे आपण म्हणतो तेव्हा आपल्याला फुगीर भागच अभिप्रेत असतो आणि संस्कृत ‘वलि’पासून हा अर्थ चालत आला आहे. शास्त्रीय लेखनात या उंचवट्यांना ‘संवेलक’ म्हणतात. तो शब्द नेमका आहे, पण सामान्य वाचकाला तो आधी समजावून सांगावा लागतो. दोन वळ्यांमधल्या खोलगट रेषेला ‘खाच’ पुरेशी आहे.

हा भेद केवळ शब्दांचा सोस नाही, कारण संशोधक वळ्या, खाचा आणि घड्या यांचे वेगवेगळे मोजमाप करतात. बाह्यकाची कड प्रत्येक खाचेत उतरून मोजली आणि त्या लांबीला बाहेरून जाणाऱ्या कडेच्या लांबीने भागले, की घड्यांचा निर्देशांक मिळतो. प्रौढ माणसात तो सरासरी अडीचच्या आसपास असतो. स्किझोफ्रेनियात हा निर्देशांक काही अभ्यासांत कमी, तर काहींत, विशेषतः उजव्या कपाळामागच्या भागात, जास्त आढळला आहे. म्हणजे ‘सुरकुत्या कमी’ हे विधान शब्दाने जसे चुकीचे आहे तसे आशयानेही अपुरे आहे. याउलट २०१५ साली केंब्रिजच्या संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एकाच विशिष्ट खाचेची लांबी मोजली होती. मेंदूच्या पुढच्या भागात, दोन अर्धगोलांच्या समोरासमोरच्या बाजूंवर असलेली ही खाच सर्वांमध्ये सारखी ठळक नसते. ज्या रुग्णांना भास होतात त्यांच्यात ती भास न होणाऱ्या रुग्णांपेक्षा आखूड आढळली आणि एक सेंटिमीटर लांबी कमी असल्यास भास होण्याची शक्यता सुमारे २० टक्क्यांनी वाढते, असा हिशेब त्यांनी मांडला. येथे ‘सुरकुती’ लिहिले, तर वाचकाला नेमके काय आखूड आहे हे कळणारच नाही.

क्रियापदाकडेही लक्ष द्यावे. ‘पडतात’ म्हटले की आजार झाल्यावर मेंदू बदलला असे वाटते. प्रत्यक्षात आजार बहुधा किशोरवयाच्या अखेरीस किंवा विशीत दिसू लागतो आणि वळ्यांची मुख्य मांडणी त्याच्या कितीतरी आधी झालेली असते. शिवाय हे फरक गटांच्या सरासरीतले आहेत. एकट्या माणसाच्या मेंदूचे चित्र पाहून निदान करता येत नाही. म्हणून मी ते वाक्य असे लिहीन : ‘स्किझोफ्रेनिया असलेल्यांच्या मेंदूतील वळ्या-खाचांची घडण काही भागांत सरासरीहून वेगळी आढळते.’

आता दुभंगाविषयी. स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९०८ साली ‘दुभंगणे’ आणि ‘मन’ या अर्थांच्या ग्रीक शब्दांवरून हे नाव घडवले. विचार, भावना आणि इच्छा यांचा परस्परांशी असलेला मेळ सुटतो, एवढेच त्यांना सांगायचे होते. त्यात मेंदूच्या वळ्यांचा संबंध नव्हता आणि एका देहात दोन व्यक्ती नांदतात असाही अर्थ नव्हता. ‘दुभंग व्यक्तिमत्त्व’ हा पर्याय म्हणूनच टाळावा. ‘छिन्नमनस्कता’ त्यापेक्षा बरा, तरी ‘छिन्न’मधली तोडमोड कानाला बोचतेच. जपानने याच कारणासाठी २००२ साली ‘मन फुटण्याचा आजार’ अशा अर्थाचे जुने नाव सोडून ‘एकसंधतेचा मेळ बिघडणे’ या आशयाचे नवे नाव स्वीकारले. मराठीत तसा सर्वमान्य शब्द रुळेपर्यंत ‘स्किझोफ्रेनिया’ हेच लिहिणे मला सर्वांत प्रामाणिक वाटते.