संध्याकाळी सातला ग्राहकाचा फोन आला तर कोण उचलणार?

तुमचं पत्र मिळालं. सॉफ्टवेअरमधली पूर्णवेळ नोकरी, पत्नीचीही नोकरी, मुलगी पहिलीत आणि धाकटा अकरा महिन्यांचा. नृत्य-संगीताचे क्लास चालवणाऱ्यांसाठी हजेरी आणि फीचं अ‍ॅप तुम्ही रात्री जागून बनवताय. एका बाईंनी वापरून ‘छान आहे’ म्हटलंय, पैसे मात्र अजून कुणी दिलेले नाहीत. तुमचा प्रश्न असा की नोकरी सोडून सहा महिने पूर्ण वेळ यातच घालावा का.

आत्ता तरी नको. घराचे हप्ते, मुलांचा खर्च हे तुम्हाला मी सांगायला नको. पण मला खटकलं ते वेगळंच. दोन पानी पत्रात दीड पान फीचर्सची यादी आहे आणि ग्राहकाबद्दल जेमतेम चार ओळी. सहा महिने मोकळे मिळाले तर ही यादी तीन पानांची होईल, एवढंच.

नोकरी सांभाळून धंदा करायला निघालेला माणूस आधी आपल्याकडे किती तास आहेत ते मोजतो. तुम्ही उलटीकडून मोजा. काहीही झालं तरी मी हजर राहू शकणार नाही, असे तास कुठले? ऑफिसचे तर गेलेच. संध्याकाळी घरी पोचल्यापासून धाकटा झोपेपर्यंतचेही गेले. आता तुमचं अ‍ॅप उघडणार कधी? क्लास भरतात संध्याकाळी. दाराशी वीस मुलं चपला काढतायत, अ‍ॅपमधलं हजेरीचं पान उघडतच नाहीये, बाई तुम्हाला फोन लावतायत आणि तुमच्या कडेवर बाळ रडतंय. तुमच्या कोडमध्ये खोट नसेलही, पण तुम्ही निवडलेलं काम नेमकं तुमच्या नसण्याच्या वेळेतच अडणारं आहे.

म्हणून माझा सल्ला: हजेरी काढून टाका, फी ठेवा. कुणाची फी थकली, कुणाला पावती गेली, महिन्याचा जमाखर्च काय, यातलं काही संध्याकाळी बिघडलं आणि तुम्ही रात्री दहाला नीट केलं तर सहसा कुणाचं अडत नाही. जोडधंद्याचं सॉफ्टवेअर निवडताना मी हीच कसोटी लावायला सांगतो. बिघाड काही तास थांबू शकतो का? थांबू शकत नसेल तर ते काम ज्यांच्याकडे पाळीपाळीने जागणारी माणसं आहेत त्यांना करू दे.

पैशांच्या बाबतीत मात्र थोडं जास्त जपा. पेमेंट गेटवे, म्हणजे पालकांचे ऑनलाइन पैसे स्वीकारणारी सेवा, ‘पैसे जमा झाले’ हा निरोप अ‍ॅपला एकाच व्यवहारासाठी कधीकधी दोनदा पाठवतो. ही चूक नाही, तो तसाच चालतो. प्रत्येक निरोपाचा क्रमांक डेटाबेसमध्ये नोंदवून ठेवा आणि तोच पुन्हा आला तर काही न करता नुसती पोच द्या. हे केलं नाहीत तर एका पालकाला दोन पावत्या जातील आणि त्या निस्तरण्यात तुमचा शनिवार जाईल. बाकी एक सर्व्हर, एक डेटाबेस, रोजचा बॅकअप आणि तो बॅकअप खरंच परत चढवता येतो याची अधूनमधून खात्री. एवढ्यावर पहिले काही डझन ग्राहक आरामात निघतात. ऑफिसात दहा जणांची टीम जी रचना वापरते ती घरी आणू नका.

थोड्या तासांत काही होत नाही असं तुम्ही लिहिलंय. ‘बेसकॅम्प’ हे टीमचं काम आखायचं सॉफ्टवेअर 2004 साली बाजारात आलं तेव्हा ते बनवणारी कंपनी दुसऱ्यांच्या वेबसाइट करून पोट भरत होती, आणि त्याचं प्रोग्रॅमिंग करणारे डेव्हिड हाइनमायर हॅन्सन त्याला आठवड्याला सुमारे 10 तास देत होते. ते तेव्हा शिकत होते, घरात लहान मूल नव्हतं, हे मान्य. पण तास कमी म्हणून काय काय करायचं नाही हे ठरवावं लागलं, आणि तेच तुमच्या फीचरच्या यादीला लागू आहे.

आता हिशोब. समजा तुमचे 40 ग्राहक झाले आणि दर महिन्याला 5 टक्के सोडून जातात. म्हणजे महिन्याला दोन नवे मिळाले तरी तुम्ही आहात तिथेच, आणि सरासरी ग्राहक 20 महिने टिकतो. नवा ग्राहक समजावून सांगून जोडायला तुमच्या दोन संध्याकाळी जात असतील तर महिन्याच्या चार त्यातच संपल्या. म्हणून वर्षाची वर्गणी एकरकमी घ्या आणि स्वस्त ठेवायचा मोह आवरा. कमी पैसे देणारे पुष्कळ ग्राहक सांभाळायला लागणारा वेळ तुमच्याकडे नाही.

नोकरीचा करार काढून वाचा, आजच. नोकरीत असताना केलेल्या कामाची मालकी कुणाची आणि जोडधंद्याला परवानगी लागते का, ही दोन कलमं शोधा. ऑफिसचा लॅपटॉप, ऑफिसचं लायसन्स, ऑफिसचं एआय टूलचं खातं, यातलं काहीही याला वापरायचं नाही. अ‍ॅपलचे सहसंस्थापक स्टीव्ह वॉझनियॅक ह्यूलेट-पॅकार्डमध्ये नोकरीला होते तेव्हा त्यांनी ‘अ‍ॅपल 1’ हा संगणक आधी आपल्याच कंपनीला दाखवला होता. कंपनीने नको म्हटल्यावर मग पुढचं. तुम्हालाही वरिष्ठांशी एकदा बोलावं लागेल; लेखी होकार मिळाला तर उत्तम.

पत्रात एक वाक्य आहे, ‘पत्नी काही म्हणत नाही.’ हे मला सगळ्यात काळजीचं वाटलं. रात्री तुम्ही लॅपटॉप उघडता तेव्हा उठलेल्या बाळाकडे कोण जातं? दोघांनी बसून आठवड्यातल्या दोन रात्री आणि एक सकाळ तुमची ठरवा, आणि तितकाच वेळ त्यांचा. त्यात त्यांनी झोप काढली तरी तो त्यांचा प्रश्न. उरलेल्या रात्री तुम्हीही झोपा. आणि काम थांबवून उठण्याआधी पुढचं पाऊल कोडमध्येच एका ओळीत लिहून ठेवा, नाहीतर तीन दिवसांनी पहिली वीस मिनिटं ‘मी कुठे होतो’ यातच जातात.

पुढचे दोन महिने नवीन फीचर एकही नको. पाच क्लासचालकांना भेटा, त्यांची फीची वही मागून बघा आणि वर्षाचे पैसे आगाऊ मागा. दोघा-तिघांनी दिले तर मला पुन्हा लिहा, नोकरीचं तेव्हा बोलू. कुणीच दिले नाहीत तर त्या वह्यांत काय दिसलं ते लिहा.