मीठ सोडल्यावर उतरलेले वजन कशाचे?

प्रश्न : माझे वय 44 वर्षे आहे. भाचीच्या लग्नात दोन दिवस जेवणावळी झाल्या आणि वजन दीड किलोने वाढले. नंतर आठवडाभर मीठ जवळजवळ बंद केले, तर ते तेवढेच उतरले. मीठ कायमचे सोडले, तर वजन असेच घटत राहील का? यजमानांना रक्तदाबाची गोळी चालू असल्यामुळे घरात साध्या मिठाऐवजी सैंधव आणले आहे, ते चालेल ना?
– एक वाचक, सातारा

उत्तर : घटत राहणार नाही, कारण जे वाढले आणि उतरले ते बहुतांशी पाणी होते. मिठात एकही कॅलरी नसते, त्यामुळे त्याची चरबी होऊ शकत नाही. एक किलो चरबी साठायला गरजेपेक्षा 7,000 हून अधिक कॅलरी पोटात जाव्या लागतात, आणि लग्नाच्या पंगतीतही दोन दिवसांत एवढे जास्तीचे खाणे सहसा होत नाही. मिठातून सोडियम रक्तात जाते आणि रक्तातील त्याचे प्रमाण शरीर फार काटेकोरपणे सांभाळते. खारट खाल्ले की तहान लागते, मूत्रपिंडे पाणी धरून ठेवतात, आणि जास्तीचे मीठ लघवीवाटे बाहेर पडेपर्यंत हे पाणी अंगात राहते. दवाखान्यात लावतात त्या सलाईनच्या एका लिटरमध्ये 9 ग्रॅम मीठ असते, यावरून थोड्या मिठामागे किती पाणी अडकते याचा अंदाज येईल. सकाळी अंगठी घट्ट होणे किंवा मोज्याचा वळ पायावर उमटणे, हे त्याच पाण्यामुळे घडू शकते.

तरीही मिठाचा वजनाशी काहीच संबंध नाही, असे मी म्हणणार नाही. खारे शेंगदाणे, शेव, वेफर्स असे पदार्थ एक मूठ खाऊन थांबवत नाहीत, आणि त्यावर तहान भागवायला थंड पेय आले की साखरही पोटात जाते. वाढते ती चरबी या तेलाची आणि साखरेची. मीठ केवळ हात पुढे करायला लावते.

तुमच्या घरात मीठ कमी करण्याचे खरे कारण वजन नसून यजमानांचा रक्तदाब आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार प्रौढ माणसाने दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाच्या सपाट चमच्याहूनही थोडे कमी, मीठ खावे. हा हिशेब दिवसभरातील सगळ्या पदार्थांचा मिळून आहे. आपल्याकडे पान वाढताना मीठ आधी वाढतात, लोणचे आणि पापड बाजूला असतातच, ताकातही पुन्हा चिमूट पडते. आमटी-भाजीत शिजवताना घातलेले मीठही याच हिशेबात येते. पापडातील पापडखार आणि ढोकळ्यातील सोडा हेही सोडियमचेच क्षार आहेत, जरी ते खारट लागत नसले तरी. पाकिटावर सोडियमचा आकडा मिलिग्रॅममध्ये असतो, त्याला अडीचने गुणले की मिठाचे प्रमाण कळते.

सैंधवाबद्दल बाजारात फार मोठे दावे केले जातात. ते मुख्यतः सोडियम क्लोराइडच, म्हणजे साध्या मिठातलेच रसायन असते, त्यामुळे रक्तदाबासाठी त्याचा वेगळा फायदा नाही. शिवाय आयोडीनयुक्त मीठ पूर्ण बंद करून आयोडीन न मिसळलेले सैंधवच वापरले, तर आयोडीन कमी पडण्याचा धोका राहतो. मीठ साधेच वापरा, पण पानातले बंद करा. लिंबू, कोकम, जिरे, लसूण यांनी चव सावरते आणि काही आठवड्यांत जिभेला कमी खारट जेवणाची सवय होते. अगदी अळणी जेवणाचा हट्ट कोणीही डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून धरू नये. पायांवर सूज टिकून असेल, दम लागत असेल किंवा दोन-तीन दिवसांत वजन झपाट्याने वाढले असेल, तर लोणच्याला दोष देत न बसता हृदय आणि मूत्रपिंडांची तपासणी करून घ्यावी.

प्रश्न : ‘लो सोडियम’ मीठ सर्वांनाच चालते का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : नाही. त्यात सोडियम क्लोराइडचा काही भाग काढून पोटॅशियम क्लोराइड घातलेले असते. मूत्रपिंडे नीट काम करत असतील, तर रक्तदाबाला त्याचा उपयोग होऊ शकतो. मात्र मूत्रपिंडाचा विकार असल्यास, किंवा रामिप्रिल, टेलमिसार्टन, स्पायरोनोलॅक्टोन यांसारखी रक्तदाबाची किंवा हृदयविकाराची औषधे चालू असल्यास रक्तातील पोटॅशियम वाढून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. अशा रुग्णांनी पाकीट घरी आणण्याआधी डॉक्टरांना विचारावे.