"चाळीस वर्षं झाली, लस कुठाय?" असं पाव्हणे विचारतात

प्रश्न : डॉक्टर, नमस्कार. मुलगी एमएस्सी करून पुण्यात पीएचडी करतेय, एचआयव्हीची लस कशी बनवावी त्यासाठी रक्तातली प्रतिकारशक्ती तपासते म्हणे. पाव्हणे म्हणतात चाळीस वर्षांत जमलं नाही, हिला काय जमणार. आणि मला झोप नाही, रक्त हाताळताना तिलाच काही झालं तर?
– एक आई, तासगाव

उत्तर : ताई, आधी तुमच्या झोपेचं बघू. अशा लॅबमध्ये ग्लोव्हज, काचेमागचं बंदिस्त कॅबिनेट, सगळे नियम असतात, आणि चुकून सुई टोचलीच तर ७२ तासांच्या आत, खरं तर लगेचच, गोळ्या सुरू करून २८ दिवस घेतात, त्यानं लागण बहुतेक टळतेच.

आता पाव्हणे. व्हायरस १९८३ला सापडला आणि लस अजून नाही, हे खरंय. थायलंडला १६ हजारांवर लोकांवर ट्रायल झाली, २००९ला निकाल आला, संरक्षण जेमतेम ३१ टक्के, पुढं तसलीच लस दक्षिण आफ्रिकेत २०२०ला थांबवावी लागली. कारण हा व्हायरस अंगावर आपल्याच शरीरातल्या साखरेचं पांघरूण घेऊन फिरतो त्यामुळं शरीर त्याला घरचाच समजतं, आणि वर सारखं रूप बदलतो. तुमच्याकडं द्राक्षावर एकच औषध सारखं मारलं की डावण्या त्याला जुमानत नाही ना, तसंच, फक्त हे एका माणसाच्या अंगात रोज चालू असतं.

पण काही पेशंटच्या रक्तात कैक वर्षांनी अशा अँटिबॉडी तयार होतात की व्हायरसची बरीच रूपं त्या अडवतात. म्हणून आता लस टप्प्याटप्प्यानं द्यायची, पहिल्या डोसनं फक्त योग्य बी-पेशी (रक्तातल्या अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशी) जाग्या करायच्या आणि पुढच्या डोसनी त्यांना अशा अँटिबॉडी बनवण्यापर्यंत न्यायचं, असं चाललंय. २०२२ला छापून आलेल्या एका छोट्या ट्रायलमध्ये लस घेतलेल्या ३६ पैकी ३५ जणांत त्या पेशी जाग्या झाल्या! अजून ही पहिलीच पायरी आहे, पण डोस दिल्यावर कुठल्या पेशी उठल्या, कुठं भरकटल्या हे रक्तातूनच कळतं आणि पुढचा डोस त्यावरच ठरतो. तुमची पोरगी वाचतेय ते हेच.

मी शिकत होतो तेव्हा असल्या पेशंटची खाट वॉर्डाच्या टोकाला असायची, नातेवाईक डबा दारात ठेवून निघून जायचे. ते डबे मी विसरलेलो नाही. पाव्हणे परत आले की मिरजेला माझ्या दवाखान्यात पाठवा, मी बोलतो त्यांच्याशी.