प्रो बॉक्सिंगमध्ये लढायची जिगर आणि जिवाची काळजी यांचा मेळ कसा घालायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ऐरोलीत सराव करणारा २२ वर्षांचा धाकटा भाऊ, वजनगट ६३.५ किलो, हौशी स्पर्धा खेळून झाल्या, आता वाशीत चार राउंडची पहिली व्यावसायिक लढत. कोच म्हणतात, ‘आपल्या कॉर्नरमधून टॉवेल पडत नाही,’ म्हणजे मार बसत असला तरी आपण लढत थांबवत नाही. भाऊ बाजीप्रभूंचं नाव घेतो. त्या रात्री तुम्ही कॉर्नरमध्ये, म्हणजे रिंगच्या कोपऱ्यात त्याच्या मदतीला असणार, आणि त्याची जिगर न मोडता त्याला सांभाळायचं कसं, असं विचारताय.

हा मेळ एकाच माणसाच्या डोक्यात बसत नाही. कामं वाटून घ्या. रिंगमधल्याने लढायचं, थांबायचा विचार त्याच्यावर सोपवायचाच नाही. थांबवणं हे स्टुलाजवळच्या माणसाचं काम, आणि ते बॉक्सरला विचारून करायचं नाही. बाजीप्रभूंचा दाखला भाऊ देतोच आहे तर त्याला हेही सांगा की खिंड कुठवर लढवायची ते लढणाऱ्याने ठरवायचं नव्हतं. इशारा गडावरून यायचा होता. तुमच्या भावाचा गड म्हणजे त्याचा कॉर्नर, आणि तोफ वेळेवर उडाली नाही तर दोष खिंडीतल्या माणसाचा नाही.

विचारलं तर उत्तर काय येतं, ते ठाऊक असलेलं बरं. जुलै २०१९ मध्ये अमेरिकेत मॅक्सिम दादाशेव्हला ११ व्या राउंडनंतर त्याचे ट्रेनर बडी मॅकगर्ट लढत थांबवतो म्हणून विनवत होते, आणि तो मान हलवून नाही म्हणत होता. मॅकगर्टनी शेवटी लढत थांबवलीच, पण मेंदूतला रक्तस्राव झालेला होता. चार दिवसांनी तो गेला. उलट १९७५ मध्ये मनिलात ट्रेनर एडी फचनी १४ व्या राउंडनंतर जो फ्रेझरला उठूच दिलं नाही. फ्रेझरला धड दिसत नव्हतं, तरी तो लढायला तयार होता, आणि एकच राउंड उरला होता. फचनी त्याची परवानगी मागितली नाही.

असं करणाऱ्याचं कौतुक होईलच असं नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये टायसन फ्युरीविरुद्ध सातव्या राउंडला डिओन्टे वाइल्डरचे ट्रेनर मार्क ब्रेलँडनी टॉवेल टाकला, तर वाइल्डरने नंतर त्यांनाच काढून टाकलं. त्याच वर्षी डॅनियल दुबुआने जो जॉइसविरुद्ध डोळ्याच्या खोबणीचं हाड मोडल्यावर गुडघा टेकून लढत सोडली, तेव्हा त्याला पळपुटा म्हणणारे कमी नव्हते. चार वर्षांनी वेम्ब्लीत त्याच दुबुआने अँथनी जोशुआला पाचव्या राउंडमध्ये नॉकआउट केलं. कोचना हा दाखला द्या; उपदेशापेक्षा जास्त उपयोगी पडतो.

आता खरा धोका कुठे असतो ते बघू. मोठा नॉकआउट बघून आपण घाबरतो, पण वाईट प्रसंगांत बऱ्याचदा दिसते ती साचत गेलेली मारहाण. मेंदूवरून कवटीच्या आतल्या आवरणाकडे बारीक शिरा जातात. डोकं झटक्याने फिरलं की मेंदू मागे राहतो, शिरा ताणल्या जातात, एखादी फाटते. रक्त हळूहळू साचतं, त्यामुळे माणूस काही वेळ बोलता-चालता असतो आणि मग कोसळतो. ऑगस्ट २०२५ मध्ये टोकियोत एकाच कार्यक्रमात लढलेले दोन बॉक्सर अशाच रक्तस्रावाने गेले. त्यातला एक, शिगेतोशी कोतारी, पूर्ण १२ राउंड लढून बरोबरीत सुटला होता. म्हणजे ‘पडला नाही, मग ठीकच आहे’ हे गणित चुकीचं. १९८२ मध्ये किम दुक-कू १४ व्या राउंडपर्यंत लढला आणि काही दिवसांत गेला, त्यानंतरच किताबी लढती १५ वरून १२ राउंडवर आल्या.

चार राउंड ऐकायला कमी वाटतात. पण हौशी बॉक्सिंगमध्ये या वजनाला १० औंसाचे ग्लोव्ह्ज असतात, प्रोमध्ये ८ औंसाचे, आणि आतलं बँडेज गॉझ-टेपचं, घट्ट आणि कडक बांधलेलं. तोच ठोसा इथे जास्त लागतो.

माझ्या मते लढतीइतकंच नुकसान वजन उतरवताना आणि जिममध्ये होतं, आणि तिथे ना रेफरी असतो ना डॉक्टर. वजन साधारण आदल्या दिवशी घेतात. डब्ल्यूबीसी या जागतिक बॉक्सिंग संघटनेच्या किताबी लढतींत ३० दिवस आधी वजन मर्यादेच्या १० टक्क्यांहून वर चालत नाही, म्हणजे ६३.५ च्या गटाला ६९.८ किलोच्या आत. तुमच्या भावाला मी याहून कडक आकडे देईन: महिनाभर आधी ६८, आठवड्यावर ६५.५. तेवढं जमत नसेल तर गट वरचा घ्यावा, त्यात कमीपणा नाही. शेवटच्या दोन दिवसांत तीन-चार किलो पाणी काढून गट गाठणारा पोरगा काट्यावर हसतो, रात्री बिर्याणी खातो, सकाळी वजन परत आलेलं असतं. पण शरीरात पाणी नीट परतायला वेळ लागतो, आणि तसाच सुकलेला तो रिंगमध्ये जातो. पाम बीच रोडवर दुपारी प्लास्टिकचा सूट घालून पळणं तर साफ बंद. आपल्याकडच्या दमट हवेत घाम वाळतच नाही, शरीर थंड होत नाही, आणि उष्माघाताला रिंगही लागत नाही. वजन झाल्यावर ओआरएस घोटाघोटाने, भात, केळी, मीठ. एका दमात दोन लिटर साधं पाणी नको.

स्पारिंग (सरावाची लढत) १६ औंसाच्या ग्लोव्ह्जनी करावं. हेडगिअर घालावं, पण भरवसा ठेवू नये: ते भुवई फाटण्यापासून वाचवतं, मेंदू हलण्यापासून नाही. जोरदार स्पारिंग आठवड्यात एकदाच, बाकी दिवस हलकं, आणि शेवटचं जोरदार स्पारिंग लढतीच्या किमान दहा दिवस आधी. ७५ किलोच्या पोराला ‘याला जरा कणखर बनव’ म्हणून समोर उभं करणारे कोच असतात. तिथे तुम्ही मोठा भाऊ म्हणून बोलायलाच हवं. स्पारिंगमध्ये डोळ्यांसमोर अंधारी आली, पाय लटपटले, किंवा रात्री डोकं जड राहिलं, तर डोक्याला लागणारा सगळा सराव बंद, आणि लढत पुढे ढकला. आधीची जखम भरायच्या आत दुसरा मार बसला तर तो साधा असला तरी मेंदू झपाट्याने सुजू शकतो. लपवायची सवय इथेच लागते, कारण डोकं दुखतं म्हटलं की लढत जाईल ही भीती असते. म्हणून त्याला आधीच सांगून ठेवा की खरं बोलल्याची किंमत त्याला एकट्याला मोजावी लागणार नाही.

औषधांचं कुणी सांगत नाही. डिस्प्रिन म्हणजे अॅस्पिरिन. तिचा रक्त न गोठण्याचा परिणाम आठवडाभर, कधी दहा दिवसही टिकतो. कॉम्बिफ्लाममध्ये आयबुप्रोफेन असतं, तेही रक्त पातळ करण्याच्या बाजूचं. खांदा दुखला म्हणून लढतीच्या आठवड्यात यातलं काहीही नको, डॉक्टरला विचारल्याशिवाय पॅरासिटामॉलही नको. आणि पावसाळ्यात ठाण्या-नवी मुंबईत डेंग्यू ठरलेला. ताप उतरला म्हणजे झालं असं नव्हे, प्लेटलेट्स पूर्ववत झाल्याचा रिपोर्ट हातात येईपर्यंत आणि डॉक्टरांनी हो म्हणेपर्यंत स्पारिंग नाही.

पहिल्या लढतीआधी मेंदूचा एमआरआय, बाहुली मोठी करून डोळ्याच्या पडद्याची तपासणी, ईसीजी, एचआयव्ही आणि दोन्ही काविळींच्या (बी आणि सी) चाचण्या, रक्त गोठण्याची चाचणी करून घ्या. आयोजक यातलं काही मागणार नसेल तरीही. एमआरआयचा उपयोग दोन वर्षांनी होतो, तुलना करायला जुना फोटो असतो म्हणून.

आता कॉर्नर. मिळतात ६० सेकंद, त्यातले शेवटचे दहा बाहेर निघण्यात जातात. पहिले दहा-पंधरा सेकंद काही बोलू नका, त्याला श्वास घेऊ द्या. चीफ सेकंड (कॉर्नरमधला मुख्य माणूस) समोर, दुसरा बाजूला. पाण्याचा एक-दोन घोट, सुजेवर थंड एन्स्वेल (धातूचा गार तुकडा) दाबून धरायचं. सूज चोळून ढकलायची नाही, चोळली की पसरते. बोलणारा एकच, सूचना एक किंवा दोन.

‘ठीक आहेस ना?’ हा प्रश्न विचारू नका. उत्तर ‘हो’च येणार. विचारा: कितवा राउंड झाला? मी मघाशी काय सांगितलं होतं? तो स्वतःहून योग्य कोपऱ्याकडे आला का, हे त्याआधीच बघून ठेवा. बाहुल्या सारख्या आहेत का, नजर तुमच्यावर ठरते का, सारखे डोळे मिचकावतोय का. १९९५ मध्ये लंडनला जेराल्ड मॅक्लेलन असाच डोळे मिचकावत होता. दहाव्या राउंडला गुडघ्यावर बसला, वाचला, पण दृष्टी गेली. राउंड चालू असताना तीन गोष्टींवर लक्ष ठेवा: जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) टाकून हात परत येताना खाली पडतोय का, डोकं हलायचं थांबलं का, आणि पाच-सहा ठोसे खाऊन उलट एकही जात नाही असं किती वेळा झालं. रेफरी त्याला पहिल्यांदाच बघतोय. दमलेला तुमचा भाऊ कसा दिसतो आणि बधिर झालेला कसा दिसतो, हा फरक तुम्हाला आणि कोचनाच कळणार.

म्हणून लढतीच्या आठवडाभर आधी, सगळे शांत असताना, तिघांनी बसून कागदावर लिहा: यातलं काय दिसलं की थांबवायचं. माझी यादी छोटी आहे. पाय लटपटण्याची वेळ दुसऱ्यांदा आली की, प्रश्नाचं उत्तर चुकलं की, एक डोळा पूर्ण बंद झाला की, डोकं फार दुखतंय असं तो म्हणाला की, किंवा चारपैकी तीन राउंड स्पष्ट हरलाय आणि चौथ्यात नुसता मार खातोय असं दिसलं की. शेवटचं पटायला जड जातं, कारण ‘एकच राउंड तर आहे’. पण जिंकायची शक्यता गेली असेल तर त्या राउंडमध्ये मिळवण्यासारखं काही उरत नाही.

थांबवण्याची रीतही आधी विचारून ठेवा. टॉवेल सगळीकडे अधिकृत नसतो. काही नियमांत रेफरी तो उचलून बाहेर फेकू शकतो. अशा ठिकाणी चीफ सेकंडने रिंगच्या कडेवर चढून रेफरीला खूण करायची किंवा जवळच्या अधिकाऱ्याला सांगायचं असतं. नियमांच्या बैठकीत हा प्रश्न विचारताना लाज वाटायचं कारण नाही. दोन राउंडच्या मध्ये थांबवणं सगळ्यात सोपं: त्याला स्टुलावरून उठू द्यायचं नाही, रेफरीला सांगायचं.

आयोजकाला आणखी काही प्रश्न विचारा, आणि उत्तर गुळमुळीत आलं तर लढत घेऊ नका. रिंगजवळ श्वासनलिकेत नळी घालू शकणारा डॉक्टर आणि ऑक्सिजन आहे का? अॅम्ब्युलन्स किती? एकच असेल आणि ती पहिल्या जखमीला घेऊन गेली, तर पुढच्या लढती थांबणार का? २४ तास सीटी स्कॅन आणि न्यूरोसर्जन असलेलं कोणतं हॉस्पिटल ठरवलंय, आणि त्यांना आधी कळवलंय का? १९९१ मध्ये लंडनला मायकेल वॉटसन कोसळला तेव्हा रिंगजवळ धड उपचार मिळाले नाहीत, आणि आधी नेलेल्या हॉस्पिटलमध्ये मेंदूची शस्त्रक्रियाच होत नव्हती. तो जन्मभरासाठी अपंग झाला, ब्रिटिश बॉक्सिंग बोर्ड कोर्टात हरलं, आणि तिथले नियम त्यानंतर बदलले. जवळचं हॉस्पिटल आणि योग्य हॉस्पिटल एकच असेल असं नाही. वाशीतून शनिवारी रात्री नऊला ठरलेल्या हॉस्पिटलपर्यंत एकदा गाडी घेऊन जाऊन या, सायन-पनवेल महामार्गावरून आणि आतल्या रस्त्याने, दोन्हीकडून. पुढेमागे ठाण्यात घोडबंदर रोडला लढत मिळाली तर हे दुप्पट गरजेचं.

लढत संपली की २४ तास तो एकटा राहणार नाही. जिंकला तरी. झोपू द्या, पण रात्री दोन-तीनदा उठवून नाव-पत्ता विचारा. दारू नाही, बाइक नाही, गोळी नाही. वाढत जाणारी डोकेदुखी, उलटी, असंबद्ध बोलणं, एका बाजूची कमजोरी, उठवूनही न उठणं, यातलं एकही दिसलं की अॅम्ब्युलन्स आणि सीटी स्कॅन, सकाळपर्यंत वाट बघायची नाही. २०१३ मध्ये न्यूयॉर्कला लढत हरलेला मागोमेद अब्दुसलामोव्ह टॅक्सीने हॉस्पिटलला गेला होता. मेंदूतला रक्तस्राव निघाला आणि तो कायमचा अपंग झाला.

तो नॉकआउटने हरला तर किमान महिनाभर स्पारिंग नाही, आणि डॉक्टरच्या कागदाशिवाय पुढची लढत नाही. चार दिवसांवरची लढत घ्या म्हणून फोन येतील, कारण हरलेला, तरुण, वजनात बसणारा पोरगा समोरच्याला हवाच असतो. असा फोन त्याने घेऊ नये, तुमचा नंबर द्यावा.