काका, आता शिट्टी घ्या!

प्रश्न : वय ४२. नेरुळच्या मैदानात दर रविवारी गोलकीपर म्हणून उभा राहतो. पोरं म्हणतात, ‘काका, आता पंच व्हा.’ काय करू?

उत्तर : शिट्टी राहू द्या हो! इजिप्तचा फुटबॉल गोलकीपर एसाम अल-हदरी आफ्रिकेचा चषक चारदा जिंकला, पण विश्वचषकात पहिल्यांदा उतरला २०१८ मध्ये, सौदी अरेबियाविरुद्ध. वय ४५ वर्षं, १६१ दिवस! तोवर एवढ्या वयाचा खेळाडू त्या स्पर्धेत उतरलाच नव्हता. पठ्ठ्यानं पेनल्टी अडवली. मध्यंतराआधी दुसरी मात्र आत गेली आणि सामना २-१ असा हातचा गेला, तोही भरपाईच्या वेळेत. गोलकीपरचं नशीब, दुसरं काय! तुम्ही फक्त गुडघे जपा. पावसाळ्यात तिथल्या चिखलात झेपा नकोत. माझा डावा खांदा अजून ठणकतो.