पहाटेची फ्लाइट आणि न येणारी झोप

आमच्याकडे सल्ल्यासाठी आलेलं, नाशिकच्या गंगापूर रोडवर राहणारं जोडपं. तो एका विमान कंपनीत फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक, बेस मुंबई. ती नाशिकमध्येच शिक्षिका. घरात त्याचे आईवडील आणि अडीच वर्षांची मुलगी. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. खुर्चीत बसल्या बसल्या तिनेच विषय काढला. "पहाटेची ड्यूटी असली की हा रात्रभर टक्क जागा. आणि तसाच उठून विमान उडवायला जातो. मला रोज धास्ती." त्याचे प्रश्न निराळे होते: झोपेची गोळी घेतली तर चालेल का, आणि हे कंपनीत कळलं तर मेडिकल, म्हणजे विमान उडवायला लागणारं वैद्यकीय प्रमाणपत्र, जाईल का?

झोपेची ही तक्रार फक्त वैमानिकांची नाही. सातपूर-अंबडला पहिल्या पाळीला जाणारे, नाशिकरोडचे लोको पायलट, नर्स, सगळे हेच सांगतात: लवकर उठायचं म्हणून लवकर आडवे होतो आणि छताकडे बघत पडतो. वैमानिकाच्या बाबतीत मागे दीडशे-पावणेदोनशे माणसं बसलेली असतात, एवढाच फरक.

आदल्या रात्रीचं वर्णन त्याला मिनिटामिनिटाने करायला सांगितलं. रिपोर्टिंग, म्हणजे ड्यूटीवर हजर व्हायची वेळ, पहाटे 4:50. आईचा नियम असा की त्या दिवशी कुकरच्या शिट्ट्या सातच्या आत, आठला टीव्ही बंद. आजोबा नातीला घेऊन गच्चीवर. वहिनीचा फोन आला तर आई कुजबुजत बोलणार, "हळू गं, त्याला उद्या विमान आहे." हा आत अंधारात पडून ती कुजबुज ऐकतोय. साडेनऊ, साडेदहा, साडेअकरा. शेवटी उठून आंघोळ, युनिफॉर्म, साडेबाराला ड्रायव्हरसह गाडी. इगतपुरीपासून भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंतचा समृद्धी महामार्गाचा टप्पा जून 2025 मध्ये सुरू झाल्यापासून कसारा घाट टळतो, पण पुढे भिवंडी-ठाण्याला रात्रीचे ट्रक असतातच. चारच्या सुमारास विमानतळ. मग चार सेक्टर, म्हणजे चार उड्डाणं, दुपारी दीडला शेवटचं लँडिंग, आणि पुन्हा नाशिकचा रस्ता. ड्रायव्हर नसेल तर स्वतः स्टिअरिंगवर.

मग कागदावर आकडे मांडले. एरवी तो रात्री एकला झोपतो आणि मुलगी उठते म्हणून सातला उठतो. रिपोर्टिंगच्या क्षणापासून मागचे 24 तास मोजले तर त्यातली झोप फक्त सकाळी 4:50 ते 7, म्हणजे दोन तास दहा मिनिटं. मागच्या 48 तासांत आठ तास दहा मिनिटं. आणि शेवटच्या लँडिंगला सलग साडेतीस तास जागा. ऑस्ट्रेलियात 1997 मध्ये झालेल्या एका प्रयोगात 17 तास जागं राहिलेल्यांची हाता-डोळ्यांची कामगिरी रक्तात 0.05 टक्के अल्कोहोल असल्यासारखी घसरली होती, 24 तासांनंतर 0.10 टक्क्यांसारखी. भारतात गाडी चालवण्याची मर्यादा 0.03 आहे. तो बराच वेळ कागदाकडे बघत राहिला. म्हणाला, "मी तर रिपोर्टिंगपासूनच तास मोजत होतो."

खरी गफलत हीच. नियमांत ड्यूटी रिपोर्टिंगपासून सुरू होते, घर ते विमानतळ हा प्रवास त्यात धरत नाहीत. मेंदू मात्र डोळे उघडल्यापासून मोजतो. 12 फेब्रुवारी 2009 ला अमेरिकेत बफेलोजवळ कोल्गन एअरचं विमान पडून 50 जण गेले. त्यातली फर्स्ट ऑफिसर आदल्या रात्री सिएटलहून मालवाहू विमानांतून देश ओलांडत नेवार्कला ड्यूटीवर आली होती. थकव्याचा वाटा नेमका किती, हे तपासात मोजता आलं नाही, पण त्यानंतर तिथले ड्यूटीचे नियम बदलले. नाशिक-मुंबई अंतर त्यामानाने किरकोळ, तरी रात्र जाते ती जातेच.

"पण मी आठला आडवा होतो ना," हा त्याचा मुद्दा. झोप म्हणजे गिरणीतला नंबर नव्हे, लवकर जाऊन बसलं म्हणून लवकर लागेल असं नाही. नेहमीच्या झोपेच्या वेळेआधीचे दोन-तीन तास शरीर सर्वांत जास्त जागं असतं. दिवसभराचा शीण साठत आलेला असतो, त्याला तोंड द्यायला शरीराचं घड्याळ तेव्हा जागं ठेवणारा जोर लावतं. बारा-एकला झोपणाऱ्याचा हा काळ साधारण नऊ ते अकरा, आणि त्याच वेळी हा गादीवर पडून झोपेची वाट पाहत होता. शिवाय आपल्या घड्याळाची फेरी 24 तासांहून थोडी मोठी असते. त्यामुळे झोप पुढे ढकलणं सोपं जातं, अलीकडे ओढणं अवघड. नीट प्रयत्न केला तरी दिवसाला साधारण तासभरच. महिनोन् महिने हे चाललं की गादी दिसली तरी छातीत धडधड सुरू होते. घरच्यांची शांतता प्रेमापोटीच होती, पण तिच्यामुळे झोप ही परीक्षा होऊन बसली होती.

पहिले दोन आठवडे काहीही न बदलता फक्त नोंद ठेवली. दिवे कधी घालवले, अंदाजे झोप कधी लागली, कधी उठला, दुपारची डुलकी, चहा-कॉफीची वेळ, आणि प्रत्येक सेक्टरनंतर गुंगीचा आकडा, 1 ते 9. 1 म्हणजे लख्ख जागा, 9 म्हणजे डोळे उघडे ठेवणं मुश्कील. ही कॅरोलिन्स्का मोजपट्टी, वैमानिकांच्या थकव्याच्या अभ्यासात वापरतात. पहाटेच्या ड्यूट्यांना त्याचा आकडा तिसऱ्या सेक्टरला 7 वर जायचा. दुपारच्या ड्यूट्यांना 3-4. म्हणजे आजारी झोप नव्हे, वेळापत्रकाची झोप. तरी घोरणं, झोपेत श्वास अडकणं, रक्तदाब हे पत्नीकडून विचारून घेतलं. त्यातलं काही निघालं असतं तर आधी झोपेची तपासणी सांगितली असती.

मग बदल. सर्वांत मोठा बदल झोपेशी थेट संबंध नसलेला होता: मुक्काम. मुंबईत विमानतळाजवळ मरोळला चार सहकाऱ्यांनी मिळून एक वन बीएचके भाड्याने घेतलं होतं, त्यात पाचवा हा. पहाटेच्या ड्यूटीच्या आदल्या दिवशी सकाळी नाशिक सोडायचं आणि दुपारी दीडच्या आत मुंबईत. यावर आईची नाराजी होती, "एवढ्यासाठी घर सोडून राहायचं का रे?" भाड्याचाही बोजा होता. पण हे न करता बाकी सगळं केलं असतं तरी फारसा फरक पडला नसता, हे आमचं ठाम मत.

सुरुवात आम्ही झोपायच्या वेळेपासून केली नाही, उठायच्या वेळेपासून केली. ड्यूटीच्या दोन दिवस आधी सहाला, आदल्या दिवशी पाचला. उठल्यावर, उजाडलं की, अर्धा तास बाहेर फिरणं. सकाळचा उजेड घड्याळ अलीकडे आणतो. शेवटचा चहा दुपारी बाराला, कारण कॅफिन निम्मं उतरायला पाच-सहा तास लागतात. पाचचा चहा दहालाही अंगात असतो. डुलकी घ्यायची तर दोनच्या आत, 20 ते 25 मिनिटं, गजर लावून. आदली रात्र वाईट गेली असेल तरच नव्वद मिनिटं. अर्धा तास ते तासभर या अधल्यामधल्या डुलकीतून गाढ झोपेत असताना जाग आली तर डोकं जड राहतं. मुलीशी व्हिडिओ कॉल साडेसातच्या आत. आठनंतर मंद दिवा, फोन स्वयंपाकघरात. गादीवर नऊच्या सुमारास, तेही डोळे जड झाल्यावरच. वीसेक मिनिटांत लागली नाही तर उठून बाहेरच्या खोलीत बसायचं, घड्याळ भिंतीकडे फिरवून. गजर सव्वातीनला.

पहाटेच्या ड्यूट्यांच्या पहिल्या ब्लॉकला हे जमलं नाही. तो आठलाच पडला आणि साडेदहापर्यंत जागा राहिला. दुसऱ्या ब्लॉकपासून साडेपाच तासांची झोप मिळू लागली.

गोळीबद्दल उत्तर सोपं आणि कडक होतं. मेडिकलच्या दुकानातून घेतलेली झोपेची गोळी, मेलॅटोनिन, अगदी सर्दी-ॲलर्जीच्या सुस्ती आणणाऱ्या गोळ्यासुद्धा विमानवैद्यकाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाहीत. मेडिकल सर्टिफिकेटचा निर्णय डीजीसीएने, म्हणजे विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाने, नेमलेल्या डॉक्टरांचा, तिथे लपवालपवी नको, एवढंच सांगितलं. "एक पेग घेतला तर पटकन लागते," हेही त्याने विचारून घेतलं. लागते खरी, पण रात्रीचा उत्तरार्ध तुटक जातो. आणि उड्डाणाआधी 12 तासांचा नियम आहेच, मग पहाटेच्या ड्यूटीआधी तो प्रश्नच उरत नाही.

पत्नीचा एक प्रश्न नेमका होता: "दोन पायलट असतात ना? एक पेंगला तर दुसरा आहे." दोघे बहुतेक वेळा एकाच वेळेला उठलेले असतात, आणि पहाटे 2 ते 6 हा शरीराच्या ओहोटीचा काळ दोघांचा एकच. 22 मे 2010 ला मंगळूरला सकाळी सहाच्या सुमारास एअर इंडिया एक्स्प्रेसचं विमान धावपट्टी ओलांडून दरीत गेलं, 158 माणसं गेली. चौकशीत कॅप्टन दीड तासाहून अधिक झोपले होते असं निघालं. उतरण्याच्या थोडं आधी जागे झाले, सहवैमानिकाने गो-अराउंड (न उतरता पुन्हा वर जाणं) सुचवूनही उतरणं चालू ठेवलं. जाग आल्यावर पहिली पंधरा-वीस मिनिटं, कधी जास्तच, निर्णयशक्ती बधिर असते. दुसरा माणूस शेजारी असणं पुरतंच असं नाही.

रस्त्याची काळजी आम्हाला विमानापेक्षा जास्त होती. कॉकपिटमध्ये निदान दोघे असतात, चेकलिस्ट असते. दुपारी दोनला भिवंडी ओलांडताना गाडीत हा एकटा. ताशी 80 च्या वेगाने चार सेकंदांची डुलकी म्हणजे जवळपास 90 मीटर, डोळे मिटून. म्हणून नियम ठरला: ड्यूटीनंतर आधी मरोळला नव्वद मिनिटं झोप, मग ड्रायव्हर किंवा संध्याकाळची पंचवटी एक्स्प्रेस. स्वतः गाडी चालवायची नाही. हा नियम तो एकदा मोडणार होता, पत्नीने फोनवर अडवलं.

सर्वांत अवघड होतं "आज मी उडवू शकत नाही" हे सांगणं. त्यासाठी भावना नको, आकडे हवेत. थकव्याच्या अभ्यासात एक ढोबळ कसोटी वापरतात: मागच्या 24 तासांत पाच तासांहून कमी झोप, किंवा 48 तासांत बारा तासांहून कमी, किंवा ड्यूटी संपेपर्यंतचं सलग जागरण मागच्या 48 तासांतल्या झोपेपेक्षा जास्त. तीनपैकी एक जरी लागू असेल तरी थांबून विचार करायचा. जुन्या पद्धतीत तो तिन्हींत बसत होता. डीजीसीएच्या सुधारित नियमांत साप्ताहिक विश्रांती 36 वरून सलग 48 तास झाली, रात्र मध्यरात्री ते सहा अशी धरली जाते, रात्रीच्या लँडिंगवर मर्यादा आली, आणि कंपन्यांना थकव्याचे अहवाल दर तिमाहीला द्यावे लागतात. हे दोन टप्प्यांत, जुलै आणि नोव्हेंबर 2025 मध्ये लागू झालं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्यावरून किती उड्डाणं रद्द झाली आणि कशी सूट मागितली गेली, हे वाचकांना आठवत असेल. नियम कागदावर किमान सुरक्षा देतात. अडीच वर्षांची मुलगी तापाने रात्रभर कण्हली, हे रोस्टरला, म्हणजे ड्यूटीच्या वेळापत्रकाला, कळत नाही.

तशी एक रात्र आलीच. 24 तासांत तीन तास झोप. पहाटे दोनला त्याने कंपनीला फोन केला, वाक्य आधीच लिहून ठेवलेलं: "मागच्या 24 तासांत तीन तास झोप झाली आहे, मी ड्यूटीसाठी फिट नाही, फटीग रिपोर्ट भरतोय." पलीकडचा आवाज त्रासलेला होता. स्टँडबायवरचा, म्हणजे राखीव ठेवलेला, माणूस आला, विमान गेलं. त्या दिवसाचे उड्डाणाचे पैसे गेले. पुढे तीन आठवडे त्याला वाटत राहिलं की आता आपल्यावर डोळा आहे. तसं काही घडलेलं नाही, पण ही भीती गेली असं म्हणता येणार नाही. सेशनमध्ये ती अजून निघते.

सलग चार पहाटेच्या ड्यूट्या आल्या की चौथ्या दिवशी आकडा अजूनही 6 वर जातो. त्यावर आमच्याकडे उपाय नाही. रोस्टरची पसंती नोंदवताना दोन पहाटा, मग एक दुपार असं मागणं आणि चौथ्या दिवसाचे आकडे अहवालात लिहीत राहणं, एवढंच त्याच्या हातात आहे. घरच्यांना एकच सांगितलंय. तो नाशिकला असेल तेव्हा आठला टीव्ही बंद करू नका, नातीला गच्चीवर नेऊ नका. आणि ड्यूटीच्या दिवशी दुपारी साडेचारपर्यंत "पोहोचलास का?" म्हणून फोन करू नका, कारण तेव्हा तो मरोळला झोपलेला असतो.