टाचेला ऐकू येतं

प्रश्न : ताई, मी आणि माझी धाकटी बहीण (ती जन्मापासून कर्णबधिर आहे) यांनी मिळून 'हश' हा इंग्रजी थरारपट पाहिला. त्यात शेजारची सारा रक्तबंबाळ होऊन काचेच्या दारावर धडाधड हात आपटते आणि ऐकू न येणारी मॅडी आत पाठमोरी स्वयंपाकघर आवरत राहते. मी किंचाळले, बहीण मात्र हसायला लागली. खुणेनं म्हणाली, "एवढं आपटल्यावर पायाला कळतं की!" तिचं बरोबर आहे का? आणि हा हिंदीत आहे का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : निम्मं बरोबर आहे. माझी थोरली मावशी कर्णबधिर होती. माडीवर तिला बोलवायचं तर आम्ही टाच आपटायचो. फळ्यांतून ते तिच्या तळपायाला पोचायचं आणि ती लगेच वळायची. खाली शहाबादी फरशीवर मात्र नाचलात तरी उपयोग नाही, तिथे दिव्याचं बटण दोनदा चालू-बंद करावं लागे. अमेरिकेतली अशी घरं बहुतेक लाकडी सांगाड्याची. तेव्हा त्या प्रसंगात दिग्दर्शक माइक फ्लॅनगन यांनी सवलत घेतली आहे, हे खरं.

पण तो प्रसंग रचलाय तुमच्यासाठी, बहिणीसाठी नव्हे. आपल्याला ऐकू येतं आणि मॅडीला येत नाही, या फटीत सगळी भीती बसवली आहे. बहीण मॅडीच्याच जागी बसून बघत होती, तिला ती फट दिसणार कशी? मॅडीच्या बाजूनं दाखवतानाही पूर्ण शांतता नाहीच, दबका घुमारा आहे. नाहीतर आपल्याला आपलाच पंखा ऐकू आला असता! मॅडी झालेल्या केट सीगल स्वतः ऐकू येणाऱ्या आहेत. पटकथेत त्यांचा वाटा आहे, तरी हात दुसऱ्याच्या भाषेत बोलतात, हे मला खटकलंच.

२०१६ चा हा सिनेमा जेमतेम ऐंशी मिनिटांचा, त्यात संवाद पंधरा मिनिटांचेही नाहीत. आपल्याकडे हिंदीत यावरून २०१९ मध्ये तमन्ना-प्रभुदेवांचा 'खामोशी' आला. नाना पाटेकर आणि सीमा बिस्वास यांनी कर्णबधिर आईबाप केलेला १९९६ चा 'खामोशी' वेगळा. दोन्हींतला एकच बघायचा तर नानांचा बघा.

बाथरूमचा प्रसंग मात्र मावशीला पटला असता. मॅडी तिथे बसलेली, मारेकरी मागून अगदी जवळ येतो आणि त्याचा श्वास तिच्या मानेला लागतो. कान नाही, पाय नाही, नुसती कातडी. मावशी अशीच, कुणी मागे येऊन उभं राहिलं की विळीवरून मान न वळवता हात वर करायची : थांब.

तिथे बहीण हसली का, ते तुम्ही लिहिलं नाहीत.